पोर्तुगीज शहरातले इटालियन चर्च : जुन्या गोव्यातील एका मराठी वारसाफेरीविषयी

जुन्या गोव्यात गाईड मिळणे मुळीच अवघड नाही. परंतु त्यांतील बहुतेकांची फेरी बॉम जीझस बॅसिलिकातील सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपासून निघते, से कॅथेड्रलच्या सोनेरी घंटेपाशी विसावते आणि सेंट कॅजेटनचे चर्च 'वेळ उरला तर' या सदरात जाते. पणजीतील एका लहान गटाने चालवलेली, संपूर्ण मराठीतून होणारी वारसाफेरी ही वाट उलटी करते. ती सेंट कॅजेटनपासून सुरू होते, तिचा निम्म्याहून अधिक वेळ तेथेच जातो आणि बाकीचे शहर ती या एका वास्तूच्या संदर्भाने दाखवते. जुन्या गोव्यावर मराठीत बोलणारा माणूस क्वचित भेटतो, आणि भेटला तर तो मंदिरांच्या विध्वंसापलीकडे सहसा जात नाही. म्हणून या उपक्रमाची दखल सविस्तर घेणे मला आवश्यक वाटते.

फेरीमागचा विचार एका वाक्यात सांगता येईल : पोर्तुगिजांच्या राजधानीत इटालियन पाद्र्यांनी उभारलेले हे चर्च पोर्तुगीज सत्तेच्या मर्जीने नव्हे, तर बरीच वर्षे तिच्या मर्जीविरुद्ध उभे राहत गेले. ही गोष्ट ठाऊक नसेल तर पांढऱ्या भिंती आणि घुमट पाहून, फोटो काढून माणूस परत फिरतो. ती ठाऊक झाली की त्याच भिंतींना अर्थ येतो. आमच्या मार्गदर्शक बाईंनी ही गोष्ट चर्चच्या बाहेर, अंगणातील झाडाच्या सावलीत उभे राहून प्रथम सांगितली, आणि सगळे समजल्याखेरीज कोणालाही आत नेले नाही. हा क्रम त्यांनी विचारपूर्वक ठरवलेला दिसतो आणि तो अगदी योग्य आहे.

त्या गोष्टीचा सारांश असा. संत कॅजेटन, म्हणजे इटलीतील व्हिचेन्झा येथे १४८० साली जन्मलेले गाएतानो, यांनी १५२४ साली रोममध्ये थिएटाइन संघाची स्थापना केली. त्यांचा सहसंस्थापक जान पिएत्रो काराफा हा कियेती येथील बिशप होता. त्या गावाच्या थेआते या जुन्या लॅटिन नावावरून संघाला नाव पडले. हाच काराफा पुढे चौथा पॉल या नावाने पोप झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत, १५५५ ते १५५९ या काळात, गोव्याला आर्चबिशपचे पीठ मिळाले. म्हणजे संघाचे लोक येण्याच्या सुमारे ऐंशी वर्षे आधीच गोव्याचे नाव त्यांच्या संस्थापकाच्या सहीखाली आलेले होते. या संघाचा नियम कडक होता. ठरलेले उत्पन्न घ्यायचे नाही आणि भिक्षाही मागायची नाही. ईश्वर जे धाडील त्यावर निर्वाह करायचा. चर्चला 'दैवी कृपेची माता' हिचे नाव का मिळाले, याचे उत्तर या नियमात आहे.

थिएटाइन पाद्री १६४० साली गोव्यात पोहोचले ते गोव्यात राहण्यासाठी नव्हे. रोमने १६२२ साली धर्मप्रसारासाठी 'प्रोपागांडा फिदे' ही स्वतंत्र संस्था काढली होती, आणि मिशनरी कोठे जातील हे पोर्तुगालच्या राजाने नव्हे तर पोपने ठरवावे, हा तिच्यामागचा हेतू होता. त्या धोरणानुसार पिएत्रो आविताबिले आणि त्याचे सोबती कुतुबशाहीच्या गोवळकोंड्याकडे निघाले होते. तेथे त्यांना काम करू दिले गेले नाही, म्हणून त्यांनी गोव्यातच मुक्काम ठोकला. गोव्यात मात्र पाद्रोआदो, म्हणजे पूर्वेकडील चर्चवर पोर्तुगीज राजाचा पोपने मान्य केलेला हक्क, अत्यंत जिव्हाळ्याचा विषय होता. रोमने परस्पर पाठवलेले पाद्री हे त्या हक्कावरचे अतिक्रमण मानले जाई. त्यात १६४० च्या डिसेंबरात पोर्तुगालने स्पेनचे जोखड झुगारले आणि दोन्ही देशांत युद्ध पेटले. ज्या नेपल्समध्ये या संघाचे मोठे मठ होते तेथे स्पेनचा अंमल होता, तेव्हा या इटालियनांकडे संशयाने पाहिले गेले तर नवल नाही. राजा चौथा जुआंव याची परवानगी मिळेपर्यंत त्यांचे बस्तान अधांतरीच होते. परवानगी आल्यावर १६५० च्या दशकाच्या मध्यावर बांधकाम सुरू झाले आणि १६६१ साली चर्च पूर्णत्वाला गेले. रचनेचे श्रेय कार्लो फेर्रारिनी आणि फ्रान्चेस्को मारिया मिलाझ्झो या संघातल्याच दोघांना दिले जाते.

येथे फेरीतील मला सर्वांत आवडलेला भाग सुरू होतो. बाईंनी रोममधील सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या दर्शनी भागाचे एक मोठे चित्र हातात धरले, त्याच्या शेजारी आमच्यासमोरची वास्तू, आणि एकच प्रश्न विचारला : दोन्हींत काय सारखे आहे आणि काय वेगळे आहे? कोरिंथियन स्तंभ, वरची त्रिकोणी कमान, मागचा घुमट ही साम्ये सगळ्यांना लगेच दिसली. फरक मात्र एका मुलीने ओळखला. गोव्याच्या चर्चला दोन्ही बाजूंना घंटांचे मनोरे आहेत, रोमच्या चर्चला नाहीत. रोममध्येही ते व्हायचे होते. वास्तुकार मादेर्नोने दर्शनी भाग बांधला तेव्हा मनोऱ्यांची योजना होती, पुढे दुसरा वास्तुकार बर्निनी याने त्यांतील एक चढवायला घेतला, परंतु पाया साथ देईना, भिंतींना तडे गेले आणि १६४६ साली तो उतरवावा लागला. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत मांडवीच्या काठी चिऱ्याच्या बांधकामात तसे मनोरे उभे राहिले. 'सेंट पीटर्सची नक्कल' हे शब्द या चर्चविषयी इतक्या वेळा वापरले गेले आहेत की त्यामागे पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. या तुलनेने ते शब्द माझ्या मनातून कायमचे गेले. नक्कल करणारा जे समोर आहे तेवढेच उतरवतो. या माणसांनी रोमचा आराखडा घेतला, आपल्या सोयीप्रमाणे आटोपशीर केला आणि रोमला न साधलेले अंग त्याला जोडले.

दुसरी गोष्ट हाताने पाहायला लावली ती दगडाची. मनोऱ्याच्या पायाजवळ गिलावा सुटून जांभा उघडा पडला आहे, तेथे बाईंनी प्रत्येकाला बोटाने चाचपून पाहायला सांगितले. गोव्यात ज्याचे घर चिऱ्याचे आहे त्याला हा दगड नवा नाही. त्याची छिद्रे, त्याचा तांबूस भुगा, पावसाळ्यानंतर त्यावर चढणारी काळसर बुरशी हे सगळे आपल्या अंगणात आहे. परंतु या दगडात बारीक नक्षी धरत नाही, ही साधी बाब चर्चचा दर्शनी भाग पाहताना आपल्या लक्षात येत नाही. कोरिंथियन स्तंभशीर्षावरची पाने संगमरवरात कोरता येतात, चिऱ्यात नाही. म्हणून येथे ओबडधोबड आकार चिऱ्यात काढायचा आणि धारदार कडा, पाकळ्या, पन्हळी या सगळ्या चुन्याच्या गिलाव्यात भरायच्या, असे काम झाले. बॉम जीझसच्या दर्शनी भागातील बारीक कोरीव कामासाठी वसईचा काळा दगड आणला गेला, हे त्याच अडचणीचे दुसरे उत्तर. गिलाव्यावर अवलंबून असलेल्या वास्तूला दर काही पावसाळ्यांनी डागडुजी लागते आणि तिच्यात हयगय झाली की आधी नक्षी जाते, मग भिंत. गेल्या शतकाच्या मध्यावर बॉम जीझसच्या बाहेरचा गिलावा काढून टाकण्यात आला आणि आज तिचा चिरा थेट पावसात भिजतो, हे नंतर तेथे पोहोचल्यावर बाईंनी मुद्दाम दाखवले. सेंट कॅजेटनचा पांढरा गिलावा शोभेपेक्षा संरक्षणासाठी आहे, हे त्या दोन भिंती लागोपाठ पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

आत गेल्यावर बोलणे थोडे कमी झाले, आणि ते बरेच झाले. चार प्रचंड खांब, त्यांच्यावर फुलांच्या नक्षीच्या कमानी, मध्यभागी घुमट आणि समोर सोन्याचा मुलामा दिलेली मुख्य वेदी, असा आतला विन्यास आहे. बाहेरून लांबट दिसणारी वास्तू आतून चारी बाजू जवळपास सारख्या असलेल्या क्रुसासारखी आहे. गोव्यातील इतर जुन्या चर्चमध्ये दारातून वेदीपर्यंत सरळ एक ओढ असते. येथे माणूस घुमटाखाली आल्यावर आपोआप थांबतो, कारण उजेड वरून येतो आणि सगळ्या दिशा तेथे मिळतात. गोव्यात घुमट असलेले एवढेच जुने चर्च टिकून आहे, त्यामुळे हा अनुभव राज्यात दुसरीकडे घेता येत नाही. बाजूच्या वेद्यांपाशी संत कॅजेटनच्या जीवनातील प्रसंग दाखवणारी इटालियन शैलीतील चित्रे आहेत. मुख्य वेदी कॅजेटनची नाही, याकडे बाईंनी लक्ष वेधले. कॅजेटनना संतपद मिळाले ते १६७१ साली, म्हणजे चर्च पूर्ण झाल्यानंतर दहा वर्षांनी. लोकांच्या तोंडी आज जे नाव आहे ते वास्तूवर मागाहून चढलेले आहे. म्युनिकमधील सेंट कॅजेटनचे थिएटाइन चर्च युरोपात फार प्रसिद्ध आहे, परंतु त्याचे बांधकाम १६६३ साली सुरू झाले; त्या वेळी गोव्याचे चर्च वापरात आलेले होते. ही तुलना बाईंनी केली नाही. करायला हवी होती, कारण आपल्याकडचे सगळे युरोपातून उशिरा आले, ही समजूत अशा एका तारखेने सैल होते.

वेदीखालच्या तळघराविषयी त्यांनी फारसे सांगितले नाही. पोर्तुगीज गव्हर्नरांचे मृतदेह मायदेशी पाठवण्यापूर्वी शिशाच्या पेट्यांत तेथे ठेवले जात, एवढेच सांगून त्या पुढे गेल्या. पर्यटकांना अशा गोष्टींचे भारी कुतूहल असते आणि दुसऱ्या एखाद्या गाईडने त्यावर अर्धा तास घालवला असता. त्याऐवजी त्यांनी अर्दिझ्झोने स्पिनोला या थिएटाइन पाद्र्याची हकिकत सांगितली, जी मी पूर्वी कोणत्याही फेरीत ऐकलेली नव्हती. सतराव्या शतकाच्या मध्यावर गोव्यातील त्याच्या प्रवचनांचा एक विषय असा होता की स्थानिक ख्रिस्ती आणि गुलाम यांना पवित्र प्रसादापासून दूर ठेवणे अन्याय्य आहे. राज्यकर्त्यांच्या समाजात हे बोलणे सोपे नव्हते. पुढे अठराव्या शतकात या संघाने गोमंतकीयांनाही आपल्यात प्रवेश दिला. परकेपणाची झळ ज्यांनी स्वतः सोसली त्यांना दुसऱ्याचे परकेपण दिसले, असा अर्थ मी त्यातून काढला. तो पूर्णपणे सिद्ध करता येणार नाही, पण तो सुचण्याइतका वाव या फेरीत मिळाला हे महत्त्वाचे.

आता उणिवा. घुमटाखाली फरशीत एक चौकोनी झाकण आहे आणि त्याखाली विहीर आहे. चर्चच्या अंगणात कोरीव खांबांवर तोललेला काळ्या दगडाचा एक दरवाजा आहे, तो आदिलशहाच्या वाड्याचा म्हणून ओळखला जातो. या दोन्ही ठिकाणी फेरीचा दर्जा एकदम घसरला. फोंड्याहून आलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी, 'ताई, हे देवळाचे खांब ना?' असे विचारले आणि बाईंनी 'हो, इथे देऊळच होते' असे उत्तर देऊन विषय संपवला. प्रश्न अगदी रास्त होता. जुने गोवे ज्यात येते त्या तिसवाडीतील मंदिरे १५४० च्या सुमारास पाडली गेली, हा इतिहास आहे. गोव्यातील मराठी माणसाच्या मनात तो जिवंत आहे आणि त्याविषयी स्पष्ट बोललेच पाहिजे. दरवाजाच्या खांबांची घडण मंदिरशैलीतील आहे, हेही डोळ्यांना दिसते. परंतु मंदिराचे खांब वाड्याच्या दरवाजात बसवले गेले असणे ही एक गोष्ट, आणि चर्चच्या नेमक्या जागी मंदिर असणे ही दुसरी. विहिरीविषयी तर दोन मते आहेत : ती जुन्या मंदिराच्या तळीचा अवशेष आहे असे एक, आणि नदीकाठच्या पाणथळ जमिनीवरील वास्तूचा पाया सांभाळण्यासाठी बांधकामातच केलेली ती सोय आहे असे दुसरे. दोन्ही मते समोर ठेवून, कशाला पुरावा आहे आणि कशाला नाही हे सांगणे मार्गदर्शकाचे काम होते. दर्शनी भागाबाबत ज्यांनी इतकी काटेकोर तुलना करायला लावली त्यांनी येथे श्रोत्यांना आवडेल ते उत्तर दिले, याचे मला वाईट वाटले. आपल्या पूर्वजांवर झालेला अन्याय मोठा होता. तो सांगताना पुरावा सैल सोडण्याची गरज नाही.

त्याच दरवाजाविषयी आणखी बरेच सांगण्यासारखे होते. ज्या वाड्याचा तो अवशेष आहे त्यात १५५४ पासून १६९५ पर्यंत पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय राहत होते, आणि १८२० साली तो पाडून त्याचा दगड पणजीत नेण्यात आला. म्हणजे नकोशा ठरलेल्या इटालियनांनी आपले चर्च थेट व्हाइसरॉयच्या उंबऱ्यापाशी बांधले! फेरीच्या मूळ विचाराला याहून पोषक पुरावा कोणता असेल? तो हाताशी असूनही वापरला गेला नाही.

पुढचा टप्पा व्हाइसरॉयची कमान आणि दिवाडीच्या फेरीबोटीचा धक्का असा होता. तो चालत काही मिनिटांत उरकला आणि त्यात विशेष काही नव्हते. बॉम जीझसमध्ये मात्र फेरी पुन्हा मूळ सूत्रावर आली. फ्रान्सिस झेवियरच्या समाधीचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने घडवला, तो तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याने भेट दिला आणि १६९८ साली तो येथे बसवला गेला. त्यावरची चांदीची पेटी मात्र १६३० च्या दशकातील गोव्याच्या सोनारांची आहे. एकाच समाधीत खाली इटालियन हात आणि वर गोमंतकीय हात, हे दाखवून बाईंनी इटलीचा धागा नीट पूर्ण केला. आपल्या सोनारांची नावे तेथे कोणी लिहीत नाही, ही त्यांची तक्रार मला मनापासून पटली.

मराठीविषयी वेगळे लिहायला हवे. बाईंची मराठी शुद्ध पण सहज होती, चिरा, गिलावा, कमान, खांब हे शब्द त्या ओठांवर असल्यासारखे वापरत होत्या, आणि जेथे मराठी शब्द लोकांना परका वाटला असता तेथे वेदीला आल्तार म्हणायलाही त्यांना संकोच नव्हता. सोबत दिलेले पत्रक मात्र घाईत केलेले दिसते. त्यात इटालियन नावे इंग्रजी उच्चाराने लिहिली आहेत, एकाच पाद्र्याचे नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे आले आहे, आणि चर्चचा साधा तलविन्यासही दिलेला नाही. असा नकाशा हातात असता तर चारही खांबांची जागा आणि घुमटाचा मध्य आत जाण्याआधीच समजला असता. गटही थोडा मोठा होता. प्रार्थनास्थळात आवाज खाली ठेवावा लागतो, त्यामुळे मागे उभ्या असलेल्यांना निम्मे बोलणे ऐकू येत नव्हते. आयोजकांनी एका वेळी बारा-पंधरा जणांपुढे जाऊ नये.

शुल्काबाबत तक्रार नाही. पणजीच्या साध्या खानावळीत दोघांच्या फिश थाळीला लागावेत तेवढे पैसे घेऊन तीन तासांचे नेमके, अभ्यासलेले बोलणे मिळते, ते स्वस्तच म्हणावे लागेल. शाळांसाठी ते सवलत देतात असे कळले. डिचोली, पेडणे, सत्तरीकडच्या मराठी शाळांनी ती जरूर घ्यावी, कारण तिकडच्या मुलांना जुने गोवे हे बहुधा डिसेंबरातील फेस्ताची गर्दी म्हणूनच माहीत असते.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. सकाळची तुकडी निवडावी. दुपारी पांढऱ्या गिलाव्यावरून परतणाऱ्या उन्हाने दर्शनी भागाकडे बघवत नाही, मग कोनाड्यांतील पीटर, पॉल, जॉन आणि मॅथ्यू यांचे पुतळे ओळखणे दूरच. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत, कारण ते आजही उपासनेचे ठिकाण आहे आणि शेजारच्या जुन्या मठात पाद्र्यांची संस्था चालते. धार्मिक संघांवर १८३४ साली पोर्तुगालमध्ये बंदी आल्यावर वर्षभरात गोव्यातील मठही रिकामे झाले आणि थिएटाइन येथून गेले, परंतु ७ ऑगस्टला संत कॅजेटनचा सण येतो. त्या सुमारास पावसाळा भरात असतो. चुन्याच्या गिलाव्यावर पाणी कसे वाहते, कोठे झिरपते आणि कोठे अडते हे ज्यांना खरेच पाहायचे आहे त्यांनी छत्री घेऊन त्याच दिवसांत नाव नोंदवावे, आणि नोंदवताना आदिलशाही दरवाजासाठी जादा वेळ ठेवा असे आयोजकांना आवर्जून सांगावे.